हात मागे

समुद्री कासवांच्या संवर्धन प्रकल्पात इंटर्न होते असं म्हटलं, की समोरचा माणूस आधी फोटो मागतो. त्याला कोणता फोटो हवा असतो तेही मला आता ठाऊक झालंय. ओंजळीत पिल्लू, मागे मावळतीचं पाणी आणि ओंजळवालीच्या चेहऱ्यावर जग वाचवल्याचं समाधान. तो फोटो माझ्याकडे नाही. आहेत ते दमट हवेने पोचे आलेल्या डेटाशीटचे, दहा-दहाच्या ढिगांत मांडलेल्या फाटक्या टरफलांचे आणि एका मेलेल्या कासवाच्या पाठीवर मारलेल्या नारिंगी रंगाच्या पट्ट्याचे. हे दाखवले की लोक ‘अच्छा’ म्हणतात आणि विषय बदलतात.

पिल्लू हातात धरून फोटो काढायचा नाही, हा तिथला पहिला नियम होता. त्याच्या पाठोपाठ असेच आणखी बरेच ‘नाही’ आले. किनाऱ्यावर पांढरा उजेड नाही. डास पळवणारं मलम लावलेल्या हातांनी अंड्यांना स्पर्श नाही. मादी पाण्याबाहेर येत असेल तर तिच्या समोर जायचं नाही, हलायचंही नाही. मी गेले होते ‘काहीतरी करायला’ आणि पहिला आठवडा काय काय करायचं नाही हे शिकण्यातच गेला. तेव्हा चिडचिड झाली. आता वाटतं, त्या आठवड्यातच निम्मी इंटर्नशिप शिकवून झाली होती.

रोजचं काम म्हणजे गस्त. रात्री दोघं-दोघं मिळून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, थोडं टेकायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. हेडलँपवर लाल काच असते आणि तोही नाइलाज झाला तरच लावायचा. अंधाराला डोळे सरावले की चांदण्या रात्री वाळू राखाडी दिसते आणि तिच्यावरचा माग काळा. हा माग वाचता येणं हीच पहिली परीक्षा. आमच्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडले चालताना डावा-उजवा पाय आळीपाळीने टाकतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींच्या पुढेमागे पडतात. ग्रीन टर्टल पुढचे दोन्ही पाय एकदम मारतं, म्हणून त्याचा माग समोरासमोर, जोडीजोडीने. जगात समुद्री कासवांच्या जाती अवघ्या सात, आणि अनुभवी माणूस कासव न बघताही नुसत्या वाळूवरून त्यांतली कोणती आली होती ते बहुतेक वेळा सांगतो. मादी वर गेली की खाली, हेही कळतं, कारण पाय वाळू मागे ढकलतात. वर जाणारा माग आहे आणि उतरणारा नाही, असं दिसलं की जागच्या जागी खाली बसायचं. ती अजून वर आहे.

पुष्कळदा दोन्ही माग असतात आणि मध्ये घरटं नसतं. मादी वर आली, तिला काहीतरी पटलं नाही, अंडी न घालताच परतली. कधी उजेड, कधी कुत्रं, कधी वाळूतलं मूळ, कधी आपल्याला न कळलेलं काही. अशी फुकट फेरीही वहीत नोंदवायची असते. ‘काही झालं नाही’ हीसुद्धा नोंद असते, हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला.

आणि मग कधीतरी ती दिसते. आधी ऐकू येते, खरं तर. लाटांच्या मधल्या शांततेत एक खोल, खरखरीत उसासा. पुढच्या पायांनी वरची सैल वाळू बाजूला सारून ती अंगापुरता खळगा करते आणि मग मागच्या पायांनी खरा खड्डा खणायला लागते. हे काम जवळून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. पोहण्यासाठी चपटा झालेला तो पाय टोकाशी दुमडतो, पंजासारखा होतो, अलगद आत उतरतो, मूठभर वाळू उचलून काठावर आणतो. तेवढ्यात दुसरा पाय काठावरची सैल वाळू झटक्यात लांब उडवतो आणि आपल्या पाळीने आत जातो. डावा, उजवा, डावा, उजवा. मान वळवून एकदाही बघणं नाही. पाय पुरत नाही तिथवर, म्हणजे साधारण दीड फूट खोल, खड्डा गेला की काम थांबतं. तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर.

मला नीट आठवते ती मादी मागचा उजवा पाय नसलेली होती. जाळ्याच्या दोरीत अडकून किंवा शार्कच्या दातांखाली गेला असेल, जखम जुनी, भरलेली होती. डाव्या पायाने ती वाळू काढायची आणि मग उजव्याची पाळी आली की ते थोटूक हलायचं. खाली काही नाही, वाळूही नाही, पण पाळी चुकवली जात नव्हती. रिकामा फेर पुरा झाल्याशिवाय डावा पाय पुन्हा आत जात नव्हता. खड्डा एका बाजूने ढासळत राहिला. आमच्या तुकडीची प्रमुख, वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर काम केलेली बाई, काही न बोलता तिच्या मागे वाळूवर पालथी पडली. थोटकाची पाळी आली की हिचा हात आत जायचा, तेवढीच वाळू काढायचा आणि बाहेर यायचा. डाव्या पायाच्या पाळीला हात मागे. बराच वेळ त्या दोघींचं असं चाललं होतं. सगळ्या ‘नाही’च्या यादीत हे कुठं बसतं, असं मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, “तिचं काम मी केलं नाही गं. तिच्या पाळ्या मोडल्या नाहीत, एवढंच बघ.”

अंडी दोन-दोन, तीन-तीन अशी पडतात. चिकट स्रावात माखलेली, गोल, पांढरी, आणि मऊ. खाली पडताना दबतात, फुटत नाहीत. रिडलेच्या एका घरट्यात सर्वसाधारणपणे शंभरच्या आगेमागे. अंडी घालताना मादी जणू गुंगीत असते, त्यामुळे मोजमाप आणि टॅगिंग त्या वेळात उरकायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असतं आणि नव्याने आलेला प्रत्येक इंटर्न ते पाहून हळवा होतो. डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून जादाचं मीठ बाहेर टाकलं जातं, ते हे पाणी. समुद्रातही ते वाहतच असतं. हे कळल्यावर काहींचा विरस होतो. मला उलट जास्त नवल वाटलं. आईपणाचं ओझं तिच्यावर आपणच का टाकायचं? अंडी झाल्यावर ती वाळू लोटते आणि पोटाच्या बाजूने डावी-उजवीकडे झुलत खड्ड्यावर थापटा देते. थप्प, थप्प. दोन हात लांब बसलेल्या माणसाच्या तळव्यांना ते जाणवतं. मग इकडेतिकडे वाळू उधळते आणि जाते. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाही.

पुढच्या पायावर निकेलच्या मिश्रधातूचा छोटा टॅग असतो, त्यावर क्रमांक. टॅग नवा मारायचा असेल तर काम; जुना सापडला तर सण. आर्ची कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकात असे टॅग मारायला सुरुवात केली आणि ते काम आजवर चालू आहे. बऱ्याच जातींची मादी दरवर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतराने येते. आली की बहुधा त्याच भागात येते. एका हंगामात एकाहून जास्त वेळा अंडी घालते. आपण सहज बोलून जातो त्या या गोष्टी कुणीतरी अंधारात बसून आकडे वाचले म्हणून कळल्या आहेत. मला सापडलेल्या जुन्या टॅगचा क्रमांक रजिस्टरात मागे शोधला, तर कित्येक हंगामांपूर्वीची नोंद निघाली. अक्षर गचाळ. शेजारी नोंदणाऱ्याची आद्याक्षरं, बाकी काही नाही. तो किंवा ती कोण, कुठे असते, काही कळायला मार्ग नाही. पण कासवाच्या पाठीची लांबी दोघांच्या नोंदीत जवळपास सारखीच होती. म्हणजे टेप दोघांनीही नीट धरला होता. इतका समाधानाचा क्षण मला परीक्षेच्या निकालानेही दिलेला नाही.

आता हॅचरीबद्दल, म्हणजे हलवलेली अंडी उबवतात त्या जागेबद्दल. कुंपण घातलेली वाळू, रांगेत पाट्या, प्रत्येकीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. पाहुण्यांना हीच जागा दाखवली जाते आणि प्रकल्प म्हणजे हॅचरी अशी समजूत तिथूनच होते. आमची प्रमुख मात्र हॅचरीला ‘नाइलाज’ म्हणायची. घरटं भरतीच्या रेषेखाली असेल, कुत्री किंवा चोर यांच्यापासून वाचणारच नसेल, तरच अंडी हलवायची. हलवायची तर पहिल्या काही तासांतच. कारण मादीच्या पोटात थांबलेली गर्भाची वाढ अंडी घातल्यावर पुन्हा सुरू होते आणि गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून वर असलेली बाजू वरच ठेवून एकेक अंडं उचलायचं आणि मादीने खणला असता तसाच, तेवढाच खोल, तळाशी फुगीर खड्डा हाताने खणून त्यात ठेवायचं. हा खड्डा खणताना ती दोन पायांची पाळी मला फार आठवायची. दोन डोळे, दहा बोटं, मोजपट्टी असूनही माझा खड्डा तिच्यासारखा कधी झाला नाही.

खोलीला एवढं महत्त्व का, तर कासवाचा नर-मादीपणा वाळूच्या उबेवर ठरतो. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात तापमान साधारण २९ अंशांच्या वर राहिलं तर माद्या जास्त, खाली राहिलं तर नर जास्त. हे माणसाला उशिरा कळलं. त्याआधी जगात कित्येक ठिकाणी अंडी चांगल्या हेतूने थर्माकोलच्या खोक्यांत उबवली जात होती. स्वच्छ, सुरक्षित, मुंग्या नाहीत, खेकडे नाहीत. म्रोसोव्स्की आणि यंटेमा या दोघा शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये लिहिलं, की खोक्यातलं तापमान वाळूपेक्षा कमी असतं आणि अशा खोक्यांतून निघणारे बहुतेक नर असण्याचा धोका आहे. नामशेष व्हायला आलेल्या केम्प्स रिडले या जातीच्या अंड्यांबाबतही सुरुवातीच्या वर्षांत तेच झालं. नंतर तापमान वाढवून माद्या मिळवाव्या लागल्या. आता उलटी चिंता आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या ग्रीन टर्टलच्या २०१८ सालच्या अभ्यासात, तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेली जवळजवळ सगळी, म्हणजे ९९ टक्के तरुण कासवं मादी निघाली. आमच्या हॅचरीवर दुपारी सावलीचं कापड ओढायचं की नाही, यावर होणाऱ्या चर्चेमागे हा सगळा इतिहास असायचा. बाहेरून बघणाऱ्याला फक्त कापड दिसायचं.

आणि त्याहून अवघड गोष्ट मी एका रिकाम्या दुपारी वाचली. क्राउज, क्राउडर आणि कॅसवेल या तिघा शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं. अंडी, लहान कासवं, मोठी, अंडी घालणारी, अशा टप्प्यांत आयुष्य विभागून कुठल्या टप्प्यावर मरण कमी केलं तर संख्या सावरेल, असा प्रश्न. उत्तर असं आलं, की एकही अंडं आणि एकही पिल्लू मेलं नाही असं धरलं तरी घसरण थांबत नव्हती. थांबायची ती मोठी होत आलेली आणि मोठी कासवं वाचली तर. आणि ती मरत होती कोळंबीसाठी बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलर जाळ्यांत. कासवाला श्वासासाठी हवेत यावं लागतं. जाळ्यात धडपडताना त्याचा श्वास लवकर संपतो.

मी तो कागद घेऊन प्रमुखाकडे गेले. मग आपण इथं रात्री-रात्री काय करतोय, असं विचारायला. तिने तो अर्थातच वाचलेला होता. ती म्हणाली, “सकाळी माझ्याबरोबर चल.”

सकाळी किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला एक मेलेली मादी लागली होती. फुगलेली, मान बाजूला, पाठीवर माश्या. आधी वास, मग ती. प्रमुखाने टेप माझ्या हातात दिला. पाठीची लांबी, रुंदी, नर की मादी, कुठे जखम आहे का, टॅग आहे का, कुजण्याची अवस्था कोणती, जागा. अंगावर ओरखडाही नव्हता. सगळं लिहून झाल्यावर तिने स्प्रेने पाठीवर नारिंगी पट्टा मारला. भरतीने शव हललं आणि पुन्हा कुठं लागलं तर दुसऱ्यांदा मोजलं जाऊ नये म्हणून. “ही नोंद म्हणजे पुरावा,” ती म्हणाली. “मासेमारीच्या हंगामात असे किती येतात, बंदीच्या काळात किती, हे आपण मोजलं नाही तर बैठकीत बोलायला आपल्याकडे काय आहे?” मघाशी सांगितलेला फोटो तो हा.

ट्रॉलरमधून कासव सुटण्यासाठी जाळ्यात तिरकी सळ्यांची चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव चौकटीवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेत याचे नियम १९८७ सालीच झाले आणि त्यावर मच्छीमारांचा मोठा संतापही झाला. मला गंमत वाटते ती या चौकटीच्या जन्माची. सिंकी बून हा अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातला कोळंबी पकडणारा मच्छीमार. जेलीफिशने जाळं भरून जातं म्हणून त्याने हे यंत्र स्वतःच्या सोयीसाठी बनवलं होतं. कासवांसाठी सर्वांत उपयोगी ठरलेल्या गोष्टींपैकी एक, आणि ती बनली कासवांचा विचारही मनात नसताना. संवर्धनवाल्यांनी मच्छीमारांना उपदेश करण्याआधी ही गोष्ट एकदा वाचावी असं मला राहून राहून वाटतं.

पिल्लं बाहेर येतात तो प्रसंग इतक्यांनी लिहिला आहे की मी थोडक्यात सांगते. साधारण दीड-दोन महिन्यांनी घरट्यावरची वाळू मध्यभागी किंचित खचते. मग रात्री वाळू गार झाली की एक डोकं वर येतं, आणि पाहता पाहता खालून सगळी एकदम उसळतात. बहुतेकांना वाटतं, आता यांना उचलून पाण्यात सोडायचं. नाही सोडायचं. त्यांनी चालायचं असतं. क्षितिजाशी उजळ असेल तिकडे ती धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर तो समुद्र असतो, वस्तीजवळच्या किनाऱ्यावर एखाद्याच्या गच्चीवरचा दिवा. आमचं काम दिवा बंद करायला सांगणं, नाहीतर दिव्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये आडोसा करून उभं राहणं. हॅचरीतली पिल्लं बाहेर आली की लगेच सोडायची, आणि रोज एकाच जागी नाही, नाहीतर मासे तिथे ताटकळत थांबायला शिकतात. पोटात उरलेल्या बलकावर त्यांना पहिले काही दिवस न थांबता पोहून खोल पाणी गाठायचं असतं. पाहुणे सकाळी येणार म्हणून पिल्लांना रात्रभर टबात ठेवणाऱ्या एका प्रकल्पाबद्दल तिथे ऐकलं होतं. टबात ती रात्रभर भिंतीला धडकत पोहतात आणि तोच साठा जाळतात. सकाळचे फोटो मात्र झकास येतात.

मला सर्वांत आवडलेलं काम बाकीच्यांना नकोसं असायचं. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरायचं. हातमोजे घालून आतलं सगळं बाहेर काढायचं आणि वाळूवर लावायचं: रिकामी टरफलं, न उबलेली अंडी, कवच फोडून तिथेच मेलेली पिल्लं, तळाशी अडकलेली जिवंत. टरफलं फाटून तुकडे झालेली असतात, म्हणून निम्म्याहून मोठा तुकडा तेवढा एक धरायचा. न उबलेलं अंडं फोडून आत काय आहे ते बघायचं. वास विचारू नका. तो केसांत राहतो. पण किनाऱ्यावरची इतर सगळी कामं आशेवर चालतात, हे एकच हिशेबावर. हॅचरीतल्या एका घरट्यात डोळे उमटलेले, कवचाचा रंग आलेले गर्भ ओळीने मेलेले निघाले, सगळे जवळपास एकाच वयाचे. वही मागे चाळली तर त्या सुमाराला उधाणाचं पाणी तिथवर चढल्याची नोंद कुणीतरी रात्रीच्या गस्तीत केलेली होती. एका ओळीची नोंद, ‘पाणी पाटीपर्यंत’. तेवढ्या ओळीने पुढच्या हंगामात हॅचरीची ती बाजू वर सरकवायचं ठरलं.

संख्या वाढते का? वाढते, फक्त फार सावकाश. केम्प्स रिडलेची मेक्सिकोतल्या रांचो नुएवोला १९४७ साली एका दिवसात हजारोंनी माद्या आल्याची फिल्म आहे. १९८५ मध्ये घरटी उरली ७०२. त्यानंतर किनारा आणि जाळी अशा दोन्हीकडून काम झालं आणि आकडा पुन्हा हजारांत गेला. ग्रीन टर्टल ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ गटातून खाली उतरून ‘कमी चिंताजनक’ गटात आलं. त्या जातीची मादी अंडी घालायला यायला वीस-पंचवीस वर्षं, कुठे त्याहूनही जास्त लागतात. म्हणजे या बातमीमागचे गस्तवाले आज निवृत्त असतील, आणि माझ्या हंगामातल्या पिल्लांचं काय झालं हे पाहायला मी त्या किनाऱ्यावर असण्याची शक्यता जवळपास नाही. मला याचं दुःख होईल असं वाटलं होतं, झालं नाही.

आता कुणी इंटर्नशिपबद्दल विचारतं तेव्हा मी चार गोष्टी विचारायला सांगते. त्यांच्याकडे किती वर्षांच्या नोंदी सलग आहेत आणि त्या कोण वापरतं. अंडी जागेवर का ठेवत नाहीत, याचं त्यांच्याकडे उत्तर आहे का. पिल्लं कधी सोडतात, निघाल्यावर की पाहुणे आल्यावर. मेलेली कासवं मोजतात का. पिल्लं हाताळायला मिळतील असं जाहिरातीतच लिहिलेलं असेल तर पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. बाकी तयारी फारशी लागत नाही. गडद कपडे, वाळूत चालण्याची सवय, पेन्सिल, कारण दमट कागदावर पेन चालत नाही. आणि नखं कापून जा. अंड्याचं कवच मऊ असतं.